गोधड्या आणि फजर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आठ दिवस नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती बालगृहात भांडी घासली. गोधड्या धुतल्या, मुलींच्या डोक्यातल्या उवा काढल्या, तांदूळ निवडले. यावर काही लिहायचं नव्हतं. पण परत आल्यापासून नात्यात आणि मोहल्ल्यात जो तो एकच प्रश्न विचारतोय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

प्रश्न असा, की मिशनमध्ये कशाला? माझ्या मोठ्या फुफीनं तो आमच्या दखनीत विचारला, ‘बर्तन मांजनेकूच जाना था, तो घर में बर्तन नै थे क्या?’ धाकटे दीर जरा गंभीर होते. ‘भाभी, तिकडं लोकांचं इमान बदलतात म्हणे.’ शेजारच्या मौलानांच्या बीवीनं मात्र सगळ्यात कामाचा प्रश्न विचारला : ‘खाना हलाल था?’ सहा दिवस डाळ-भात, भाजी आणि भाकरी होती. रविवारी कोंबडी होती, तेव्हा स्वयंपाकघरातल्या मावशींनी न सांगता माझ्यासाठी वेगळ्या पातेलीत अंडाकरी केली होती. फुफीला आणि दिरांना उत्तर द्यायला मात्र थोडं मागं जावं लागेल.

अम्मी दीड वर्ष अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं मीच केलं. शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. ती गेली तेव्हा घरात जमलेली प्रत्येक बाई मला म्हणाली, ‘तू तो जन्नत कमाई.’ मी मान हलवायचे. आतून काहीच वाटत नव्हतं. त्यानंतर वर्षभर नमाज चालू होती, पण वर्गात हजेरी घेताना तोंड नावं घेतं आणि नजर खिडकीबाहेर असते, तशी. पाच वेळा उभी राहायचे, पाच वेळा सलाम फेरायचे, मधलं काही आठवायचं नाही. कुणी वजीफा सांगितला, कुणी अजमेरला जाऊन ये म्हणालं. कोणाचंच चुकत नव्हतं.

माझ्याच शाळेतली एक मैत्रीण आहे. बावीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खातो. तिच्या मंडळीतली दहा-बारा जणं दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत या बालगृहात सेवेला जातात. ती म्हणाली, ‘चल माझ्याबरोबर. तिथं तुला कोणी काही विचारणार नाही. काम फार आहे.’ तिचं दुसरं वाक्य खरं निघालं. पहिलं बरंचसं खरं निघालं.

पोचलो त्याच संध्याकाळी तिथल्या अधीक्षिकेनं, सगळे त्यांना मोठ्या ताई म्हणतात, आम्हाला सतरंजीवर बसवून नियम सांगितले. आमच्यातली तरुण पोरं गिटार, फुगे, रंगीत कागद असं बरंच घेऊन आली होती. ताई म्हणाल्या, ‘गाणी म्हणा, रविवारी खेळ घ्या. पण पोरांना मांडीवर घेऊ नका, पुढच्या महिन्यात येते असं कुणाला सांगू नका, आणि फोटो नकोत. तुम्ही आठ दिवस जीव लावता नि जाता. मग पंधरा दिवस ही पोरं फाटकापाशी बसतात. मला तुमचे हात हवे आहेत. मोरीत, कोठीघरात, हौदावर.’

मला त्या बाई तिथंच आवडल्या. अनाथाश्रमात जाऊन मुलांबरोबर फोटो काढायचा आणि जड अंतःकरणानं परतायचं, ही आपल्याकडे सगळ्या धर्मांची एक सहल झालेली आहे. वाढदिवसाचा केक घेऊन येणारे तर वेगळेच. मूल दर आठवड्याला एका नव्या माणसाचं लाडकं होतं आणि दर आठवड्याला सोडलं जातं. ताईंना हे कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं, फाटकानं शिकवलं होतं.

आणखी एक गोष्ट तिथं कळली. पाटीवर ‘अनाथ’ असलं तरी तिथल्या बहुतेक मुलांची आई किंवा बाप, कुणीतरी एक, हयात होतं. कुणाचा बाप दारूत गेला आणि आई शेतमजुरीला. कुणाचे आईबाप दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पोरगी मोठी झाली, तिला पाचटाच्या खोपीत कुठं ठेवायची, म्हणून इथं. मराठीत ‘अनाथ’ म्हणजे ज्याला कुणीच नाही. आपल्या शरीयतमध्ये ‘यतीम’ म्हणजे वयात येण्याआधी ज्याचा बाप गेला ते मूल, मग आई असो वा नसो. या व्याख्येत किती शहाणपण आहे ते मला त्या फाटकाच्या आत समजलं. आई असूनही पोर उघडं पडू शकतं हे त्या शब्दाला ठाऊक आहे. आपले पैगंबर (स.) जन्माआधीच यतीम होते. सहाव्या वर्षी आई गेली, आठव्या वर्षी आजोबा, मग चुलते अबू तालिब यांनी वाढवलं. मिलादच्या भाषणांत आपण हे दर वर्षी ऐकतो आणि पुढं जातो.

कामं वाटताना ताईंनी विचारलं, पहाटे लवकर कोण उठतं? मी फजरला उठते, म्हणून हात वर केला. त्यामुळे मला गोधड्या मिळाल्या.

हे काम असं होतं. लहान मुलींच्या खोलीत चाळीसेक मुली झोपायच्या. त्यातल्या सात-आठजणी रोज रात्री अंथरूण ओलं करायच्या. काहीजणी नऊ-दहा वर्षांच्या होत्या. घर सुटलेल्या, मार खाल्लेल्या, रात्री दचकणाऱ्या मुलींचं असं होतं. पहाटे साडेचारला एक मावशी अंधारातच खोलीत जायच्या, हातानं चाचपून ओल्या गोधड्या ओढून घ्यायच्या, पोरीचा परकर बदलायच्या, खाली कोरडी चादर सरकवायच्या. दिवा लावायचा नाही. बोलायचं नाही. सहाला घंटा व्हायची तेव्हा चाळीसच्या चाळीस अंथरुणं कोरडी. कुणाचं ओलं होतं हे कुणालाच कळत नसे. नव्यानं आलेल्या मुलीला तर आपणच कोरड्या उठलो असं वाटायचं, असं मावशी सांगत. त्या स्वतः त्याच संस्थेत वाढल्या होत्या. ‘माझ्या वेळी गोधडी डोक्यावर घेऊन अंगणात उभं करायचे,’ एवढंच त्या एकदा म्हणाल्या.

ओझं हौदावर आणून आम्ही दोघी धुवायचो. ओली गोधडी कधी उचलली आहे? चार जुन्या लुगड्यांची गोधडी पाणी प्यायली की दोन माणसांनाही आवरत नाही. एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं, आणि उलट्या दिशेनं पिळायचं. मनगटं भरून येतात.

पहिल्या दिवशी मी सवयीनं प्रत्येक गोधडी तीनदा खळबळली. अम्मीनं घातलेली सवय. आम्ही हनफी, न दिसणारी नापाकी तीनदा धुऊन तीनदा पिळली की कपडा पाक, हे लहानपणापासून हातात बसलेलं. मावशींनी दुसऱ्या गोधडीलाच माझा हात धरला. ‘बाई, टँकर गुरुवारी येतो.’ त्यांचं खरं होतं. तो भाग पर्जन्यछायेतला, पाऊस डोंगराच्या अलीकडं कधी पोचतो कधी नाही. चाळीस मुलींच्या आंघोळीचं पाणी त्याच हौदात. मी थांबले आणि विचार करत राहिले. माझी जाऊ रत्नागिरीची, कोकणी, म्हणून शाफई. ती नेहमी मला चिडवते की आमच्याकडे डाग-वास गेला आणि वरून एकदा पाणी वाहिलं की झालं, तुम्ही घाटावरचे उगाच नद्या आटवता. त्या पहाटे मी मनातल्या मनात तिचा मजहब उसना घेतला. पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये आहे. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची ओंजळ भरेल एवढं, लीटरभरसुद्धा नाही. नळ सोडून वुजू करणाऱ्या आपल्या मशिदींत हे ठळक लिहून लावायला हवं, असं मला नेहमी वाटतं. असो.

धुणं संपलं की मी अंगावरचा ड्रेस बदलायचे, तांब्याभर पाण्यात वुजू करायचे आणि कोठीघराच्या मागच्या ओट्यावर फजर पढायचे. पहिले दोन दिवस तीच हजेरी. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, नक्की आठवत नाही, मी उभी राहिले आणि हाताला साबणाच्या खाली राहिलेला तो पुसट वास आला. अम्मीच्या चादरींना यायचा तोच. दीड वर्ष रोज सकाळी तोच वास, शाळेची घाई, अम्मीनं तोंड भिंतीकडे वळवलेलं. तिला माझी लाज वाटायची, हे मला तेव्हाही कळायचं. ती अर्ध्या शुद्धीतसुद्धा म्हणायची, ‘दिवा नको लावू.’ आणि इथं एक ख्रिस्ती बाई चाळीस वर्षं दिवा न लावता तेच काम करत होती.

त्या नमाजमध्ये मी अलहम्दू कुठं संपवलं आणि पुढं कुठली सूरत घेतली ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. घाईच्या नमाजला जी छोटी सूरत आपण सगळे घेतो तीच, माऊन. सात आयती. लहानपणी पाठ केलेली, हजारो वेळा म्हटलेली. त्यात यतीमाला ढकलून देणारा माणूस आहे, गरिबाच्या घासासाठी कुणाला प्रवृत्त न करणारा माणूस आहे, आणि लगेच पुढं नमाजी आहे. आपल्या नमाजपासून गाफील असलेला, दिसण्यासाठी करणारा. शेवटी येतो तो ‘माऊन’ अडवून ठेवणारा. या शब्दाचा अर्थ काही भाष्यकारांनी जकात असा केला. पण इब्न मसऊद यांच्यासारख्या सहाबींनी केलेला अर्थ आहे डोल, पातेलं, कुऱ्हाड. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला सहज द्यायच्या घरगुती वस्तू. म्हणजे यतीम, नमाज आणि पातेलं एकाच छोट्या सूरतीत. मी मराठी शिकवते, मुलांना सांगते की कवितेत शब्द शेजारी का ठेवलेत ते बघा. हे शेजारपण मला हौदावरून आल्यावर दिसलं. मी रडले वगैरे नाही. हात दुखत होते आणि बऱ्याच दिवसांनी नमाज संपूच नये असं वाटलं, एवढंच.

तिथल्या मावशींना मी दुसऱ्या दिवशी विचारलं, की त्या पोरींना मोठेपणी तरी कळतं का, कोण धुत होतं? त्या म्हणाल्या, ‘कशाला कळायला हवं?’ गुप्त दानाबद्दल दोन हातांचा जो दाखला मत्तयच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आहे, तोच आपल्याकडे बुखारीत, कयामतच्या दिवशी सावलीत जागा मिळणाऱ्या सात जणांच्या हदीसमध्ये आहे. मावशींना मत्तय पाठ होता. बुखारीचं मी सांगितलं तेव्हा त्यांना गंमत वाटली. म्हणाल्या, ‘म्हणजे तुमच्याकडंबी हायच की.’

मुलांची सकाळची उपासना व्हायची तेव्हा मी बाहेर ओसरीवर लसूण सोलत बसायचे. आतून रेव्हरंड टिळकांची भजनं ऐकू यायची, पेटी-टाळांवर, चाल अगदी वारकऱ्यांची. आमच्या गटातल्या एका तरुणाला मात्र माझी फार काळजी होती. रोज संध्याकाळी तो विचारायचा, आज तुम्हाला प्रभूचा काही अनुभव आला का? मुलगा वाईट नव्हता. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, ‘आला. पण माझ्या रब्बचा.’ त्यावर त्याला काय बोलावं सुचेना. मोठ्या ताई तिथंच पोळ्या मोजत होत्या. त्यांनी त्याला रॉकेलचा डबा दिला आणि उवांच्या कंगव्याकडं... नाही, रॉकेल आता वापरत नाहीत, तो औषधाचा डबा होता. पण त्याला पाठवलं मुलांच्या खोलीत. तिथं त्याचं दीड तास कुणाशी बोलणं झालं नाही.

दिरांच्या प्रश्नाला उत्तर इथं देऊन टाकते. इसा (अ.) आणि त्यांची माणसं, दोन्ही मला आवडतात. ते देवाचे पुत्र आहेत आणि सुळावर गेले, हे मी मानत नाही. ताईंना हे माहीत आहे. माझ्या अमलाचा हिशेब कुठं होईल याबद्दल त्यांचं मत वेगळं असणार, हेही मला माहीत आहे. आम्ही दोघींनी यावर एक शब्द काढला नाही, कारण डाळ करपत होती.

मुली मात्र विचारायच्या. डोकं माझ्या गुडघ्यांत, मी उवा काढतेय, आणि खालून प्रश्न, ‘तुमच्या पुस्तकात येशूची आई हाये का?’ मी म्हटलं, आहे. कुरआनात एकोणिसावी सूरतच तिच्या नावाची आहे, मरियम. अख्ख्या कुरआनात नाव घेऊन उल्लेख झालेली ती एकटी बाई. मग मी तिला ते सांगितलं जे मला स्वतःला फार आवडतं. मरियम लहान असताना तिला सांभाळायचं कुणी, यावरून इबादतखान्यातल्या लोकांत स्पर्धा लागली. त्यांनी कलमं टाकून चिठ्ठ्या काढल्या आणि जकरिया (अ.) यांच्या वाट्याला ती आली. मुलीनं डोकं वर काढलं. ‘म्हंजे ती पण वसतिगृहात होती?’ मी म्हटलं, तसंच म्हण. ‘आणि सगळ्यांना ती पायजे होती?’ हो, सगळ्यांना. ती बराच वेळ गप्प बसली. मी पुन्हा तिचं डोकं खाली दाबलं, कानामागं लिखा फार होत्या.

हे ख्रिस्ती लोक घरकामाला एवढं महत्त्व का देतात, हे शोधायला लांब जायला नको. आपल्या दौंड तालुक्यातलं केडगाव आहे. नगरजवळचं केडगाव नव्हे, पुणे-सोलापूर रेल्वेवरचं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली-बायका तिथं आणल्या. १९०० च्या दुष्काळानंतर ती संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. संस्कृत मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई त्या मुलींकडून दळण, विणकाम, गोठा, तेलघाणा, छापखाना अशी कामं करून घेत होती आणि स्वतःही राबत होती. शेवटची वर्षं तिनं मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. ते छापण्याचं काम त्याच बायकांनी केलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, पूर्ण बायबल १९२४ ला बाहेर आलं. जिनं आधी टाचणी धरली नव्हती, अशा दुष्काळातल्या बाईनं जुळवलेले खिळे! हे मला त्या भाषांतराइतकंच मोठं वाटतं.

मैत्रिणीनं मला परतीच्या एस्टीत ब्रदर लॉरेन्सची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकातला फ्रेंच माणूस, आधी सैनिक, मग पॅरिसच्या कार्मेल मठात स्वयंपाकी. भांड्यांच्या खडखडाटातही प्रार्थनेइतकंच देवाजवळ असता येतं, असं त्याचं म्हणणं. पुढं पाय अधू झाल्यावर त्याला मठातल्या चपला शिवायचं काम दिलं. चपला म्हटल्यावर मला हसू आलं. हजरत आयेशांना कुणीतरी विचारलं होतं, की पैगंबर घरात असताना काय करतात? त्यांनी सांगितलं, घरच्यांची कामं करतात, आपली चप्पल आपण टाकतात, कपडा आपण शिवतात. जनाबाईची जातं-शेणी तर आपण दोघीही वर्गात शिकवतो, मैत्रीण म्हणाली. मग वांबोरी फाट्यापर्यंत आम्ही दोघी झोपलो.

आणि मशीद झाडणारी ती काळी बाई. बुखारी-मुस्लिम दोन्हींत तिची हकीकत आहे. ती रात्री वारली, लोकांनी किरकोळ बाब म्हणून कळवलं नाही आणि दफन करून टाकलं. काही दिवसांनी पैगंबरांनी विचारलं, ती दिसत नाही? कळल्यावर म्हणाले, मला का सांगितलं नाही. आणि तिच्या कबरीवर जाऊन नमाज पढले. मदीनेत तेव्हा किती मोठमोठी माणसं होती. गैरहजेरी लक्षात आली ती झाडूवालीची.

फुफीच्या प्रश्नाला यातून अर्धंच उत्तर मिळतं. घरात भांडी होतीच की. पण घरातली भांडी घासताना मी अम्मीची मुलगी असते, कुणाची भाभी असते, आणि प्रत्येक भांड्याचा हिशेब कुणीतरी ठेवत असतं, मीही ठेवते. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं, आणि ज्यांचं मी धूत होते त्यांना तर मी धुतेय हेच माहीत नव्हतं. दुसरं असं, की आपल्याकडे यतीमखाने आहेत. बकरी ईदला आपण त्यांना चामडी देतो, रमजानात जकात-फितरा देतो, पावती घेतो, बरोबर करतो. त्याशिवाय ते चालणारच नाहीत. पण त्यांच्या मोरीत काय आहे, रात्री कुणाची गोधडी ओली होते, ते तिथल्या एकदोन पगारी माणसांपलीकडे कुणाला ठाऊक आहे?

आल्यावर महिन्याभरानं मी आमच्या शहरातल्या एका यतीमखान्यात गेले. ऑफिसातले बुजुर्ग फार अदबीनं बोलले, खुर्ची दिली, चहा मागवला आणि पावतीपुस्तक उघडून विचारलं, ‘किसके नाम से?’ मी म्हटलं, पैसे नाहीत आणले, काम करायला आलेय, जुमेरातला शाळा सुटल्यावर दोन तास. त्यांनी पेन खाली ठेवलं. बाईमाणूस, तेही टीचर, आणि मुलगे सगळे. काय काम द्यावं? बराच विचार करून म्हणाले, मुलांना मराठी शिकवा. मी म्हटलं, शिकवीन, पण आधी मोरी दाखवा. मोरीला कुलूप होतं आणि किल्ली बावर्चीकडे, आणि बावर्ची जुमेरातला सुट्टीवर. आता मी बुधवारी जाते.